अॅल्युमिनियमची गिटार आणि एक घागर पाणी

यांनी एकूण अकरा गिटारी बनवल्या, अकराही धातूच्या. शेवटच्या गिटारीने माझ्या दिराच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकवली आणि त्यानंतर यांनी ते काम सोडलं. त्या दिवशी आपण जमिनीत पाणी कमी ओतलं, एका घागरीच्या जागी दोन ओतायला हव्या होत्या, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता. हे मला त्याच दिवशी माहीत झालं होतं आणि मी ते त्यांना आठ वर्षं सांगितलं नाही.

यांना जाऊन सात महिने झाले. वाचनालयातली माझी नोकरी केव्हाच संपली आहे, घरात वेळ भरपूर आहे. तरी रोज अर्ध्या पानाच्या वर लिहून होत नाही.

परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, बाजूला यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी बैलगाडीतून, एस.टी.च्या टपावरून, पुढे पुढे मोटरसायकलच्या मागे बांधून यायच्या. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी तार मोजून गुंडाळायची, वॉर्निश मारून वाळवायची, हे काम. दुकानात कायम वॉर्निशचा वास असे. तो यांच्या कपड्यांना, जेवणाच्या डब्याला, मी वाचायला घरी आणलेल्या पुस्तकांनाही लागे. वाचनालयात एखादं पुस्तक उघडलं की कळायचं, हे आपल्या घरी जाऊन आलेलं आहे.

माझा दीर तेव्हा आमच्याकडेच राहत होता. नाव कॉलेजात होतं, पण तो सगळा वेळ एका ऑर्केस्ट्रात असायचा. लग्नं, जत्रा, गणपती, अशा कार्यक्रमांना ही मंडळी जिल्ह्यात फिरत. त्याने हैदराबादहून एक जुनी लाकडी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. ती घरात वाजवली तर ठीक वाजे. गावात नेली, शेजारी जनरेटर आणि डोक्यावर ट्यूबलाइट असल्या, की तिच्यातून गाण्यापेक्षा जास्त भुणभुण ऐकू यायची. एका रविवारी तो ती दुकानात घेऊन आला. मी डबा द्यायला गेले होते.

"दादा, ही भुणभुण कशानं जाईल?"

यांनी गिटार उलटी केली, मागचं झाकण उघडलं आणि आत पाहून म्हणाले, "कॉइल उघडी हाय की ही. लाकडात ठेवलीय. मोटारीची कॉइल कुणी लाकडात बसवतं का?"

"ही मोटार न्हाई, दादा."

"तारच गुंडाळलेली हाय ना? मंग मोटारच हाय."

यांचं म्हणणं सरळ होतं. मोटारीचं वाइंडिंग लोखंडाच्या पोटात असतं. गिटारीच्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेली जी कॉइल असते, जिला दीर पिकअप म्हणायचा, तीही धातूच्या पोटात ठेवली आणि ते धातूचं अंग जमिनीशी जोडलं, तर बाहेरची भुणभुण आत येणार नाही. लाकूड हे त्यांना मुळातच कच्चं काम वाटायचं. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात तडकतं, असं ते एखाद्या माणसाच्या वागण्याबद्दल बोलावं तसं बोलत.

पहिली गिटार पत्र्याची झाली. शेजारी ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या बनवणारा होता, त्याच्याकडून जाड पत्रा कापून, वाकवून, कडा झाळून घेतल्या. मान लाकडाचीच ठेवावी लागली, ती जुन्या दाराच्या सागवानातून काढली. चुंबक बिघडलेल्या लाऊडस्पीकरचं. मोटारीची तार यात चालत नव्हती, म्हणून रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधून केसासारखी बारीक तार सोडवून घेतली. दुकानातल्या हाताने फिरवायच्या मशीनवर ते ती गुंडाळायला बसले की मला जवळ बसवत आणि आकडा मोजायला लावत. मशीनला आकडा दाखवणारं यंत्र होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मानेवर पडदे बसवायची वेळ आली तेव्हा आमच्याकडून एक चूक झाली. पडदे म्हणजे मानेवरच्या त्या आडव्या पट्ट्या, ज्यांच्यामागे तार दाबली की सूर बदलतो. त्या कुठे बसवायच्या हे कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या गिटारीची मान लांबीने वेगळी होती, तिची मापं चालत नव्हती. मग यांनी शेजारच्या भजनीबुवांना बोलावलं. बुवा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, कान फार तयार. त्यांनी मानेवर दोऱ्याच्या गाठी बांधल्या, स्वतःचा सा धरला आणि गात गात एकेक गाठ केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत चार दिवस बसले. त्या गाठींवर खुणा केल्या आणि तिथे पितळी पट्ट्या ठोकून बसवल्या. बुवांनी भजन म्हटलं, दिराने साथ केली. ती साथ इतकी गोड होती की समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

ऑर्केस्ट्राच्या तालमीत मात्र पेटीवाल्याने वेगळ्या पट्टीत सुरुवात केली आणि गिटारीचा एकही सूर जागेवर लागेना.

"ही गिटार हाय का सवत?" पेटीवाला म्हणाला. "आमी इकडं चाललो की ही तिकडं."

दुसरा म्हणाला, "बुवांनाच घ्या ऑर्केस्ट्रात. त्यांच्या गळ्याच्या मापानं शिवलीय ती."

खरंच तसं झालं होतं. पडदे बुवांच्या एका सा वरून लागले होते. दुसरा सूर सा धरला की सगळी अंतरं थोडी थोडी चुकत. बुवांच्या कानावर हे घातलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माझे सूर शुद्ध हायत. तुमची पेटीच बेसूर हाय." पुढे वाचताना मला कळलं की त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पेटीचे सूर सगळ्या पट्ट्यांना सारखे पुरावेत म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं बेसूर केलेलं असतं.

मग ते काम माझ्याकडे आलं. माझं बी.एस्सी. झालेलं होतं आणि कॉलेजचं लॉग टेबल मी लग्नानंतरही टाकलं नव्हतं. वाचनालयातल्या एका कोशात मला नियम सापडला: एका पडद्यावरून पुढच्या पडद्यावर तारेची लांबी दर वेळी त्याच प्रमाणात कमी होते आणि बाराव्या पडद्यावर ती बरोबर निम्मी होते. दोनचा लॉग घ्यायचा, त्याला बाराने भागायचं आणि तारेच्या लांबीच्या लॉगमधून ते दर पडद्याला वजा करत जायचं. वाचनालयाच्या पुस्तकांत तारखा मारायला ज्या चिठ्ठ्या चिकटवतात, तसल्या एका कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीवर मी वीस आकडे मिलिमीटरमध्ये लिहून दिले. यांनी फक्त बारावा मोजून पाहिला.

"बरोबर मधी आला," ते म्हणाले. "मंग बाकीचे बी खरंच बोलत असतील."

आमच्या संसारात माझ्या शिक्षणाचा घराला जो थेट उपयोग झाला, तो एवढाच असेल. ती चिठ्ठी त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवून दुकानात टांगली होती.

पत्र्याच्या तीन गिटारी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पत्रा स्वतःच वाजतो, आणि धक्का लागला की त्याला पोचा येतो. चौथ्या गिटारीपासून त्यांनी अॅल्युमिनियम ओतून घ्यायला सुरुवात केली. पंपाचे पंखे ओतणारे एक चाचा होते. ट्रॅक्टरचे जुने पिस्टन वितळवून ते वाळूच्या साच्यात ओतत. यांनी लाकडाचा नमुना नेऊन दिला तेव्हा चाचांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "पंखा हो या बाजा, अपने कू क्या. साचा बराबर होना." ओतून आलेलं अंग खडबडीत आणि राखाडी असे. ते कानशीने घासून, पॉलिश पेपर मारून, तेल लावून यांनी हातात घेतलं की त्यात आपला चेहरा लांबट दिसायचा. वजन पाच किलोच्या आसपास. खांद्याला लावायचा पट्टा इंजिनाच्या कॅनव्हासच्या पट्ट्यातून कापलेला.

दिराची गिटार लोकांनी पाहिली आणि मागण्या येऊ लागल्या. बँडवाल्यांना वरातीत चमकणारी वस्तू हवी असायची. एकाला मोराच्या आकाराची हवी होती, त्याला यांनी मोराची मान नाकारली आणि पिसारा दिला. एकाने कडेने लहान बल्ब लावून घेतले. वैशाखातल्या दुपारच्या वरातीत गिटार इतकी तापायची की वाजवणारे आतून टॉवेल बांधत, आणि दिवस मावळला की तारा उतरत, त्या पुन्हा सुरात लावाव्या लागत.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद चालू होता ती ही वर्षं. अधूनमधून बंद असायचा, एस.टी. अचानक थांबायची, काही गावांत माणसं एकमेकांच्या वस्तीत जात नव्हती. एकदा एकाच आठवड्यात दोन मागण्या आल्या. एका गायन पार्टीला निळी गिटार हवी होती. पोखर्णीच्या वाटेवरच्या एका गावातल्या भजनी तरुणांना भगवी हवी होती. दोन्ही अंगं चाचांच्या एकाच साच्यातली. रंग देऊन यांनी दोन्ही दुकानातल्या एकाच तारेवर वाळत टांगल्या. दोन्ही गिऱ्हाइकं एकाच वेळी काम बघायला आली आणि दोन्ही गिटारी निरखत उभी राहिली.

"हिचा आन तिचा आवाज येकच का?" शेवटी निळीवाल्याने विचारलं.

"येकच," हे म्हणाले.

"मंग आमच्यात शंभर येढे जास्त टाका."

भगवीवाला वर न बघता म्हणाला, "आमच्यात दोनशे."

हे दोघांनाही "बरं" म्हणाले. दोन्ही कॉइलींचे वेढे मीच मोजले होते, ते सारखेच होते.

धातूच्या गिटारीबरोबर एक काम नेमाने करावं लागे. गिटारीचं अंग वायरमधून साउंडच्या सेटच्या, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या, पेटीला जोडलेलं असतं. त्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर जुना असला तर पेटीत करंट उतरतो आणि पेटीतून गिटारीत येतो. तो जमिनीत जायला वाट हवी. शहरातल्या बोर्डाला त्यासाठी तिसरं छिद्र असतं. खेड्यांतही ते असायचं, पण त्याच्या मागे काही जोडलेलं नसे. म्हणून प्रत्येक गावात स्टेजच्या मागे हे लोखंडी पहार जमिनीत हातभर ठोकत, भोवती मीठ टाकत, घागरभर पाणी ओतत आणि पेटीला जोडलेली वायर एका कडीने पहारीच्या गळ्यात घालत. शेतातल्या पंपाला करतात तेच हे अर्थिंग. पण कार्यक्रमाआधी कुणीतरी पहार रोवून, मीठ टाकून, पाणी घालतंय, हे पाहून लोकांना ते पूजेसारखं वाटायचं. बायका पुढे होऊन पहारीला हळदकुंकू लावत. एका गावी नारळ फोडला. दिराला हसू आवरायचं नाही. हे कुणाला कधी अडवत नसत.

"पूजा केली म्हंजे कुणी उपटत तरी न्हाई," ते म्हणायचे.

ताडकळसच्या पुढच्या एका गावात लग्न होतं. गोरज मुहूर्त होता आणि गाणी चार वाजताच सुरू होणार होती. दिराचा आग्रह म्हणून मीही गेले होते. गावात पाण्याची ओढ होती, बैलगाडीवरच्या टाकीने पाणी आणलेलं होतं. यांनी दोन घागरी मागितल्या. त्यांना एक मिळाली आणि दुसरी मागायला ते लाजले, कारण त्याच टाकीवर पंगतीचं पाणी भरायचं होतं. जमीन काळी, भेगाळलेली. बायका लग्नघरात गुंतलेल्या, त्यामुळे त्या दिवशी पहारीकडे कुणी फिरकलं नाही. यांनी एक पत्र्याची खुर्ची आणून पहारीजवळ ठेवली.

"तू हितं बस. हिला कुणाला हात लावू देऊ नको."

ते स्टेजच्या पलीकडे सेटपाशी गेले. मी पुस्तक उघडलं. स्टेजवर दीर वाजवत होता. अकरावी गिटार ती, दोनच आठवड्यांपूर्वी तयार झालेली.

पाचच्या सुमाराला वारं सुटलं. मांडवाचं कापड फडफडायला लागलं. डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा माझ्याजवळ आला. हातात दोर होता.

"बाई, जरा पहार नेऊ का? मांडवाचा खांब हलायलाय. लेकरं बसलेत खाली. आत्ता आणून देतो."

प्रकरण संपायला दोन पानं राहिली होती. मी म्हणाले, "न्या."

त्याने पहारीच्या गळ्यातली कडी हलकेच काढली, मातीत पडू नये म्हणून एका विटेवर ठेवली आणि पहार हलवून उपटून नेली. काय होईल हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पहार कशासाठी असते हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. पान संपेपर्यंत ते मनात आलं नाही, एवढंच.

आठ-दहा मिनिटं काहीच झालं नाही. स्टेज फळ्यांचा होता, दिराच्या पायात रबरी चपला होत्या. मग ध्रुवपद म्हणायला तो पुढे झाला आणि त्याने उजव्या हाताने माईकचा दांडा धरला. माईक गावातल्या लाऊडस्पीकरवाल्याच्या वेगळ्या सेटवर होता आणि गिटारीतल्या करंटला त्यातून जमिनीची वाट मिळाली. गाणं अर्ध्या शब्दावर थांबलं आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. डाव्या हाताची मूठ तारांवर आवळली गेली होती आणि त्याला ती सोडता येत नव्हती. यांनी बोर्डातून वायर ओढून काढली. फार तर तीन-चार सेकंद गेले असतील.

सगळे स्टेजकडे धावले. मी उठून उभी राहिले तेवढ्यात तो म्हातारा पहार घेऊन परत आला. स्टेजवर काय झालं हे त्याला कळलं नव्हतं. त्याने त्याच भोकात पहार घातली, दगडाने ठोकली, विटेवरची कडी उचलून तिच्या गळ्यात घातली.

"जशी होती तशी ठेवली बगा, बाई."

मी "बरं" म्हणाले.

दिराला जीपमधून परभणीला आणलं. जीव वाचला. तारा रुतून डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आतपर्यंत भाजली होती. ती भरून आली, पण वाकलेलीच राहिली. लग्न मुहूर्तावर लागलं, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी हे सामान आणायला त्या गावी गेले. त्यांनी पहार पाहिली. ती जागेवर होती, कडी तिच्या गळ्यात होती. सेट दुकानात आणून तपासला तेव्हा ट्रान्सफॉर्मरमधून करंट गळत असल्याचं निघालं. गळती होती, अर्थिंगही होतं आणि तरी शॉक बसला, तर याचं एकच कारण त्यांना दिसलं. जमीन कोरडी होती आणि त्यांनी एकच घागर ओतली होती. मला हे सांगताना त्यांनी कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. पंप का चालत नाही हे शेतकऱ्याला सांगावं तसं सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्या वेळी बोलले असते तर दोन वाक्यांचं काम होतं.

त्यानंतर त्यांनी उरलेली दोन अंगं चाचांना वितळवायला परत दिली. मागण्या येत राहिल्या, तर ते सरळ "बंद केलं" म्हणत. दिराने ऑर्केस्ट्रा सोडला. दोन वर्षांनी त्याला सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाची वजनं लिहायचं काम मिळालं, तिकडेच त्याचं लग्न झालं, घर झालं. दुकानात मोटार न्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला हे अर्थिंगचं सांगत आणि शेवटी म्हणत, "दोन घागरी टाका. एकीनं भागत न्हाई." मी समोर असले तरी म्हणत, नसले तरी म्हणत असतील. सुरुवातीला मी भीतीने गप्प होते. नंतर, इतके दिवस का सांगितलं नाही, या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून गप्प राहिले.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न मिटला, त्या जानेवारीनंतरची गोष्ट. रविवार होता, दुपारी आम्ही दोघं शेंगा फोडत बसलो होतो. सकाळीच त्यांनी एका शेतकऱ्याला दोन घागरींचं सांगितलेलं मी ऐकलं होतं. मी म्हणाले, "अहो, त्या दिवशी पहार जागेवर नव्हती." आणि मग सगळं सांगितलं. म्हातारा, खांब, वीट, कडी, पुस्तक.

ते शेंगा फोडत राहिले. मग विचारलं, "किती येळ न्हवती पहार?"

"दहा मिनिटं असेल."

"आन तो तेवढा येळ वाजवायलता?"

"हो."

"भुणभुण न्हाई आली?"

मी म्हणाले, मला आठवत नाही, मी वाचत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्थ सुटल्यावर यायला पाहिजे थोडी तरी. त्याला इचारावं लागंल." आठवडाभर रोजच्यासारखे वागले. त्या आठवड्यातला त्यांचा प्रत्येक साधा शब्दही मी नीट ऐकत होते, त्यात काही आहे का म्हणून.

पुढच्या रविवारी आम्ही पॅसेंजरने सेलूला गेलो. जाऊबाईंनी चहा केला. यांनी कप खाली ठेवून भावाला सरळ विचारलं, "त्या दिवशी पहार काढल्यावर तुला भुणभुण ऐकू आली होती का?"

दिराने माझ्याकडे पाहिलं. "वहिनीनं सांगितलं वाटतं."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"स्टेजवरून सगळं दिसत होतं की. म्हातारा आला, तुमी मान हलवली, तो पहार घेऊन गेला." त्याने वाकलेली बोटं दुसऱ्या हातात धरली, त्याची ती सवयच झाली होती. "पहार कशाला असती हे मला न्हाई कळणार तर कुणाला? मी इचार केला, भुणभुण सुरू झाली की थांबू. म्हंजे समजंल अर्थ सुटला म्हनून. भुणभुण आलीच न्हाई."

"मंग थांबायचं ना," हे म्हणाले. "कामून न्हाई थांबला?"

"दादा, लय चांगली वाजायलती. आजवर तशी वाजली न्हवती. मला वाटलं, एवढं कडवं होऊ दे."

"आन मला आठ वर्षं बोलला न्हाईस."

"काय बोलू? चूक माझी, तुमी पाण्याचं बोलायलाव. तुमाला सांगितलं असतं तर वहिनीचं नाव आलं असतं. मंग म्हणलं, पाणी तर पाणी."

जाऊबाई आतून म्हणाल्या, "मला तर ह्यांनी सांगितलं होतं, कुत्रं चावलं म्हनून." दीर मोठ्याने हसला. हे हसले नाहीत, पण त्यांनी दुसरा कप चहा मागून घेतला, एरवी ते कुणाच्या घरी घेत नसत.

परतीच्या गाडीला अवकाश होता. प्लॅटफॉर्मवर कापसाच्या गाठींच्या बाजूला एक बाक रिकामं होतं, तिथे आम्ही बसलो. हे समोर रुळांकडे बघत होते. गिटार त्यांनी पुढे कधी बनवली नाही. या विषयावर आमचं पुन्हा बोलणंही झालं नाही. ते अखेरचं बोलणं त्या बाकावरचं.

"तू काय वाचत होतीस तवा?" त्यांनी विचारलं.

लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. ते त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"चांगलं होतं का?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गाडी दिसते का ते बघायला उठून पुढे गेले.